बत्तीसपर्यंत

भाचा विचारतो, मामा, इथनं मुंबई किती?
आणि मी सवयीने टप्पे मोजायला लागतो.
एकतीस वर्षं वेंगुर्ले डेपोत कंडक्टरकी केली.
सहा किलोमीटरचा एक टप्पा,
सात झाले की दोन टप्प्यांचे पैसे.
अंतर म्हणजे माझ्यासाठी
तिकिटाला पंच मारल्याचा आवाज.
सत्त्याऐंशी टप्पे, मी सांगतो.
तो हसतो. एक तास दहा मिनिटं, मामा.
मधले थांबे?
थांबे नसतात.
मग चहा कुठे पितात,
हे विचारायचं राहून गेलं.

सड्यावर विमानतळ झालं.
तिथे काही नव्हतं, असं कागदांत लिहिलं होतं.
खरंच, काही नव्हतं:
कातळ, करवंदीच्या जाळ्या,
श्रावणात बोटभर उंचीचा तेरडा,
पावसापुरतं एक तळं, ज्याला कुणी नावही ठेवलं नाही,
आणि एक वाट.
निवतळ्यातल्या माझ्या मागल्या पडवीतून निघून
आंबेरणला, द्वारकाच्या खळ्यात संपणारी.
काळ्या कातळावर पावलांनी घासून काढलेली
तांबूस रेघ. चांदण्यातही दिसायची.
पस्तीस मिनिटं.
डोक्यावर फणस असला तर पन्नास.
मेव्हणा गेला त्या रात्री मी ती
किती मिनिटांत काटली, ठाऊक नाही.

आता भिंत आहे. भिंतीवर तार.
वळसा घालून, तिठ्यावर गाडी बदलून,
सतरा किलोमीटर. तीन टप्पे.
सकाळची चुकली तर दुपारची,
आणि दुपारची येईलच
असं मी कंडक्टर असूनही सांगत नाही.
तक्रार नाही. भाचा दोनदा येऊन गेला वर्षात,
आधी दोन वर्षांतून एकदा यायचा.
पण रात्री डेपोत रोकड भरताना शिकलोय,
एका खान्यात कमी झालं
की दुसऱ्या खान्यात जास्त निघतंच.
मुंबईच्या वाटेवरून उचललेलं ते अंतर
कुठेतरी ठेवायला हवं होतं.
आमच्या मध्ये जागा होती.

बुधवारी आणि रविवारी, सव्वाअकराला,
मी द्वारकाला फोन लावतो.
धावपट्टीचं तिकडचं टोक तिच्या माडांमागे,
इकडचं माझ्या कौलांच्या वर.
ती बोलत असते: गुडघा, कुळीथ,
शेजारणीच्या सुनेचा नवा मिक्सर.
मग तिच्या मागे काहीतरी गुरगुरतं,
तिची भांडी मांडणीवर थरथरतात,
आणि ती ओरडते, ‘इमान सुटलां रे, बाबल्या!’
मी मोजतो. एक, दोन.
आम्ही बोलत नाही.
अकरा. बारा.
लहानपणी विहिरीत दगड टाकून
असेच गप्प उभे राहायचो.
एकोणतीस. तीस.
बत्तीसला माझं छप्पर हलतं,
कोंबड्या पावळीखाली घुसतात.
‘इलां?’
‘इलां.’
‘गेलां?’
‘दर्यार गेलां.’
‘बरां,’ ती म्हणते,
जसं काही तिने वाडग्यातून
दिलेलं कालवण मला पोचलं.

आंबेरण ते निवतळे: बत्तीस सेकंद.
वेळापत्रकात ही फेरी नाही.
चढता येत नाही, उतरता येत नाही,
अर्धं तिकीट नाही, पूर्णही नाही.

गेल्या बुधवारी धुकं होतं.
सव्वाअकरा झाले, साडेअकरा.
‘आज इमान नाय,’ ती म्हणाली,
आणि फोन ठेवायला हवा होता.
पण तिनेही ठेवला नाही, मीही नाही.
तिच्याकडे कोंबडा आरवला,
माझ्याकडे नळाला पाणी आलं.
मग उगाच, मनातल्या मनात, मी मोजायला लागलो.
तीही मोजत असावी. कारण बरोबर बत्तीसला
पलीकडून, दम लागल्यासारखी, म्हणाली,
‘इलंय रे मी. पाणी दी.’

मी उठलो.
तांब्या भरला.
गुळाचा खडा शोधायला
जरा वेळ लागला.